भरतीची रेघ

रोझेनहूतकाय या धक्क्यावर सकाळी साडेआठलाच फोटो काढणाऱ्यांची गर्दी झाली होती. ब्रुज शहराचं चित्र असलेलं कुठलंही कॅलेंडर उघडा, त्यात ही जागा असतेच. कालव्याचं वळण, थेट पाण्यात उतरलेल्या विटांच्या भिंती, पाण्यावर ओणवं झालेलं झाड आणि मागे घंटाघराचा मनोरा. माझी पत्नी आणि मुलगी त्या गर्दीत होत्या. मी मात्र कठड्यावरून वाकून समोरच्या भिंतीचा पाया बघत होतो.

"बाबा, काही पडलं का पाण्यात?" मुलीने विचारलं.

"नाही गं. भरतीची रेघ शोधतोय."

मी राजापूरचा. नोकरीची एकतीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात खारभूमीच्या बांधांवर काढली. खाडीकाठच्या माणसाला एक सवय असते. धक्का दिसो, पुलाचा खांब दिसो की नांगरलेली होडी, त्याची नजर आधी ओल्या-सुक्याच्या सीमेवर जाते. खाली हिरवं शेवाळ, त्यावर कालवांचा खरखरीत थर, त्यावर चिखलाचा पट्टा आणि मग कोरडा दगड. पाणी किती चढतं, किती उतरतं, अमावस्या-पौर्णिमेचं उधाण कुठवर येतं, हे सगळं ती रेघ सांगते. ब्रुजच्या भिंतीवर तसं काहीच नव्हतं. पाण्याला लागून वीतभर शेवाळ आणि लगेच कोरडी वीट. दुपारी पाहिलं, संध्याकाळी पाहिलं, पाणी तिथल्या तिथे.

समुद्रापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवरचं हे गाव. एके काळी युरोपातल्या पहिल्या रांगेतल्या व्यापारी पेठांत त्याची गणना होत असे. आणि त्याच्या पाण्याला भरती नाही, ओहोटी नाही. असं का, याचा उलगडा करून घेण्यात आमची तीन दिवसांची सहल गेली.

अर्ध्या तासाची फेरी

मुलगी बेल्जियममध्ये लूवेनच्या विद्यापीठात संशोधन करते. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. तिथून ब्रुज आगगाडीने दीड तासाच्या आसपास, ब्रसेल्सहून तासाभराच्या अंतरावर. बहुतेक पर्यटक सकाळी येतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. माझं सांगणं असं, की जमलं तर एक रात्र तरी तिथे राहावं. सात वाजले की गल्ल्या रिकाम्या होतात, दगडी फरसबंदीवर आपल्याच पावलांचा आवाज येतो, आणि मे महिन्यात उजेड तर रात्री नऊ-साडेनऊपर्यंत असतो. त्या वेळचं ब्रुज वेगळंच असतं.

जुनं शहर अंड्याच्या आकाराचं आहे. भोवती पाण्याचं कडं, आणि जुन्या वेशींपैकी चार दरवाजे अजून उभे. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला रमतगमत पाऊण तासात जाता येतं. २००० साली युनेस्कोने हा अख्खा भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. तिथली माणसं फ्लेमिश, भाषा डच. आपण फ्रेंच वळणाने 'ब्रुज' म्हणतो, ते 'ब्रुखं' म्हणतात आणि त्यातला 'ख' घशातून येतो.

बोटीची फेरी अर्ध्या तासाची. नावाडी एकच गोष्ट तीन भाषांत सांगतो आणि बुटका पूल आला की सगळ्यांना माना खाली घालायला लावतो. आपल्याकडे कालवा म्हटलं की धरणाचं पाणी शेतात नेणारा पाट डोळ्यांपुढे येतो. ब्रुजचे कालवे म्हणजे शहराच्या गल्ल्याच, फक्त पाण्याच्या. तिथे त्यांना 'रायेन' म्हणतात. राय नावाच्या छोट्या नदीचे फाटे, बाराव्या शतकातल्या तटाचा खंदक आणि गरजेप्रमाणे खोदलेले चर, असं सगळं एकमेकांना जोडून हे जाळं तयार झालं. काही इमारतींना पाण्याच्या पातळीवर दरवाजे दिसतात. माल रस्त्यावरून यायचाच नाही. नावेतून उतरला की सरळ कोठारात.

सकाळी आम्ही उभे होतो त्या रोझेनहूतकाय धक्क्यावर जपमाळा विकणारे पुढच्या काळात आले. त्यांच्यावरून त्याला 'जपमाळांचा धक्का' हे नाव पडलं. त्याआधी तिथे मीठ उतरायचं. मिठागरांच्या मुलखातून आलेल्या माझ्यासारख्याला हे ऐकून ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

वादळाने दिलेली खाडी

११३४ साली एका मोठ्या वादळात समुद्र किनारा फोडून आत घुसला आणि फ्लांडर्सच्या, म्हणजे या मुलखाच्या, सपाट जमिनीत एक खाडी तयार झाली. तिचं नाव झ्विन. ही खाडी ब्रुजच्या जवळ आली, पण वेशीपर्यंत पोचली नाही. मग खाडीच्या टोकाला दामे हे गाव वसलं, ११८० मध्ये त्याला शहराचे हक्क मिळाले, आणि दामेपासून ब्रुजपर्यंत जलमार्ग झाला. मोठी गलबतं दामेला थांबायची, माल छोट्या नावांत चढायचा आणि त्या नावा शहराच्या पोटात शिरायच्या.

'पोटात' हा शब्द मी जाणून वापरतो. मार्कट नावाच्या मुख्य चौकाच्या एका बाजूला तेव्हा 'पाण्याचा मंडप' होता. कालव्यावरच बांधलेली प्रचंड इमारत. नावा तिच्या छताखाली जायच्या, त्यामुळे पावसापाण्यातही माल कोरडा उतरायचा. १७८७ मध्ये ती पाडली. आज तिथे मोठी सरकारी इमारत आहे आणि चौकात उभं राहिलेल्या माणसाला इथवर नावा येत होत्या हे सांगूनही खरं वाटत नाही.

१२७७ मध्ये जिनोआची गलबतं इटलीहून निघून, स्पेनला वळसा घालून इथे आली. मागोमाग व्हेनिसची आली. इंग्लंडची लोकर यायची, तिचं उंची कापड इथे विणलं जायचं. बाल्टिक समुद्राकडून लाकूड, फर आणि मेण यायचं. आणि इटालियन व्यापाऱ्यांच्या हातून मिरी यायची. मिरी म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्याचं पीक. मलबारच्या वेलींवरची मिरी अरबी गलबतांतून, उंटांवरून, मग भूमध्य समुद्रातून अशी हातोहात जात या कालव्यांत पोचत होती.

व्हान डर बर्झ नावाचं एक कुटुंब होतं. त्यांची खाणावळ आणि मुक्कामाची जागा. तिच्यापुढच्या चौकात परदेशी व्यापारी जमायचे, हुंड्यांचे व्यवहार करायचे. शेअर बाजाराला फ्रेंचमध्ये आणि युरोपातल्या इतर काही भाषांत 'बोर्स' किंवा त्याच्या जवळचा शब्द आहे, तो या आडनावावरून आला असं मानतात. तो चौक अजून आहे. आम्ही तिथल्या पायरीवर बसून घरून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या.

यान व्हान आइक चौकाच्या भागात पूर्वी लाकडी यारी होती. एका मोठ्या चाकात माणसं चालायची, चाक फिरलं की दोर गुंडाळला जायचा आणि दारूची पिंपं वर उचलली जायची. ही चित्रकारांना इतकी नवलाची वाटली, की ब्रुजच्या जुन्या चित्रांत ती पुन्हा पुन्हा दिसते. आज त्या चौकात पाणी येऊन अडतं, पुढे जमीन आहे. समोर १४७७ चं जकातघर. व्हान आइक हा थोर चित्रकार इथेच राहिला आणि १४४१ मध्ये इथेच वारला. त्याचा पुतळा पाण्याकडे तोंड करून उभा आहे.

गाळ

मग हे सगळं गेलं कुठे?

दुसऱ्या दिवशी आम्ही सायकली भाड्याने घेतल्या आणि दामेला गेलो. सहा-सात किलोमीटरचा सरळ रस्ता, बाजूला तितकाच सरळ कालवा. हा नेपोलियनच्या काळात खोदलेला, म्हणजे बराच अलीकडचा. दोन्ही काठांवर उंच पॉपलरची झाडं आहेत आणि समुद्रावरच्या वाऱ्याने ती सगळी एकाच दिशेला कललेली आहेत. वारा अजून येतो. समुद्र तेवढा येत नाही.

दामेमध्ये आता दोन-तीन रस्ते, एक देखणी नगरसभा आणि पुस्तकांची दुकानं आहेत. जिथे गलबतं नांगर टाकायची तिथे गाई चरतात. या खाडीच्या तोंडाशी १३४० मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांचं आरमार बुडवलं होतं. आरमाराला पुरेल एवढं पाणी तिथे होतं. १४६८ मध्ये बरगंडीच्या ड्यूकचं लग्न दामेला झालं, तेव्हाही गावात वैभव होतं. पण गाळ तेव्हाच साचायला लागला होता. पंधराव्या शतकाच्या शेवटी मोठ्या गलबतांना आत येणं अशक्य होत गेलं.

गाळ का साचला, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मी त्याच धंद्यातला.

खाडीत भरतीबरोबर पाणी आत येतं, दोन्ही काठांच्या सखल जमिनीवर पसरतं आणि ओहोटीला जोराने बाहेर पडतं. तो बाहेर पडणारा लोट खाडीचा तळ खरवडून गाळ समुद्रात नेतो. जितकं जास्त पाणी आत पसरेल, तितका ओहोटीचा जोर जास्त. फ्लांडर्सच्या लोकांनी झ्विनच्या काठची ही सखल जमीन बांध घालून तुकड्या-तुकड्याने शेतीखाली आणली. प्रत्येक बांधाने शेतकऱ्याला जमीन दिली आणि भरतीची तेवढी जागा काढून घेतली. पाणी कमी पसरायला लागलं, परतताना त्याचा जोर कमी झाला, गाळ तळाशी बसायला लागला. गाळ बसला की नवी जमीन वर यायची, आणि तिच्याभोवती पुन्हा बांध पडायचा.

आमच्याकडे यालाच खाजण म्हणतात. बांध घालायचा, त्याला उघाडी ठेवायची. ओहोटीला उघाडीचं दार बाहेरच्या बाजूला ढकललं जाऊन पावसाचं पाणी निघून जातं, भरती आली की तिच्या रेट्याने तेच दार मिटतं आणि खारं पाणी बाहेर राहतं. दोन-तीन पावसाळ्यांत जमिनीतलं मीठ धुऊन निघतं आणि भात होतो. असे बांध मी घातले, फुटलेले दुरुस्त केले, उधाणाच्या रात्री कंदील घेऊन उघाडीवर बसलो. त्या भातावर माणसं जगली, हे मी विसरत नाही आणि त्या कामाची मला लाजही नाही. पण दामेच्या कुरणाच्या काठावर सायकल टेकवून मी उभा राहिलो, तेव्हा एक गोष्ट ठसठशीत दिसली. आम्ही बांधाचा हिशेब बांधापुरता करायचो. किती हेक्टर जमीन, किती शेतकरी, किती घनमीटर माती. खाडीचा हिशेब कुणी मांडत नसे. ब्रुजच्या लोकांनीही मांडला नाही.

आमचं राजापूर बंदरच होतं. समुद्र पार जैतापूरला, तरी गलबतं खाडीतून आत यायची. सतराव्या शतकात इंग्रजांनी इथे वखार घातली होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर स्वारी केली, ती या पेठेचा पैसा आणि इंग्रजांचा उपद्व्याप दोन्ही ओळखूनच. आजोबा सांगायचे, की त्यांच्या लहानपणी मचवे भरतीबरोबर वर यायचे. आमच्या खाडीत गाळ आला तो मुख्यतः डोंगर उघडे पडून वाहून आलेल्या मातीचा. कारण थोडं निराळं, पण शेवट तोच. आज पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली या नद्यांना गाळामुळे वाट पुरत नाही आणि पुराचं पाणी जवाहर चौकात शिरतं.

ब्रुज केवळ गाळाने बुडालं असंही नाही. १४८८ मध्ये शहराने आपलाच राज्यकर्ता, ऑस्ट्रियाचा माक्सिमिलियान, याला काही महिने कैदेत ठेवलं. सुटल्यावर त्याने परदेशी व्यापाऱ्यांना ब्रुज सोडून अँटवर्पला जायला फर्मावलं. तिथे खोल पाणी होतं. त्यानंतर दहा वर्षांनी, १४९८ मध्ये, वास्को द गामा कालिकतला पोचला, आणि १५०१ मध्ये पोर्तुगिजांची मिरी अँटवर्पच्या धक्क्याला लागली. आपल्याच किनाऱ्याच्या मिरीने वाट बदलली आणि ब्रुज तिच्या वाटेवर उरलं नाही.

मिनेवॉटर या तळ्यावर राजहंस आहेत. लोककथा अशी, की माक्सिमिलियानच्या कैदेच्या वेळी त्याचा एक अधिकारी, लांखाल्स, याला ब्रुजकरांनी ठार केलं. लांखाल्स म्हणजे लांब मान. त्याची शिक्षा म्हणून शहराने लांब मानेचे हंस कायम पोसावेत, असा हुकूम झाला. खरंखोटं कुणास ठाऊक, पण हंस आहेत आणि शहर त्यांची काळजी घेतं.

उरलेलं सांभाळणं

व्यापार गेल्यावर तीनशे-चारशे वर्षं ब्रुज गरीब राहिलं. ज्या शहरांकडे पैसा असतो ती जुनं पाडून नवं बांधतात. ब्रुजकडे पाडायलाही पैसा नव्हता. १८९२ मध्ये रोदेनबाक या लेखकाने 'मृत ब्रुज' अशा अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली आणि त्या उदास, धुक्यातल्या गावाची ओढ लागून माणसं यायला लागली. पर्यटन वाढायला तिचाही हात लागला.

जे जुनं दिसतं ते सगळं तितकं जुनं नाही, हेही सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात अनेक घरं मध्ययुगीन शैलीत पुन्हा उभारली गेली. जोडपी ज्याच्यावर उभं राहून फोटो काढतात तो बोनिफासियस पूल शेकडो वर्षांचा वाटतो, पण १९१० चा आहे. मला त्यात फसवणूक वाटली नाही. आपल्या गावाची ठेवण कशी होती हे लोकांच्या डोळ्यांत पक्कं होतं आणि नवं बांधतानाही त्यांनी ती सोडली नाही.

घंटाघर ८३ मीटर उंच आहे आणि वर जायला ३६६ पायऱ्या. माझ्या गुडघ्यांनी तीनदा थांबायला लावलं. वर ४७ घंटा आहेत. आम्ही वर असतानाच त्या वाजायला लागल्या. छातीत, दातांत, कठड्याच्या दगडात तो नाद जाणवत होता. हवा स्वच्छ होती. उत्तरेला क्षितिजावर झेब्रुगेच्या बंदरातल्या क्रेन पुसट दिसत होत्या. खाडी गमावल्यावर चारशे वर्षांनी या लोकांनी समुद्रकाठी नवं बंदर बांधलं, तिथपर्यंत कालवा खणला, आणि १९०७ मध्ये ते सुरू झालं. आज ते मोठं बंदर आहे, पण शहरापासून लांब. शहराच्या कालव्यांत आता फक्त पर्यटकांच्या बोटी.

आवर लेडीच्या चर्चचा विटांचा मनोरा तर ११५ मीटरचा. आत मायकेलअँजेलोची संगमरवरी माता आणि बालक. तो जिवंत असताना इटलीबाहेर गेलेल्या त्याच्या मोजक्या शिल्पांपैकी हे एक. ब्रुजच्या कापडव्यापाऱ्यांनी विकत घेतलेलं. फ्रेंचांनी ते १७९४ मध्ये नेलं, जर्मनांनी १९४४ मध्ये. दोन्ही वेळा परत आलं. मातेची नजर बाळाकडे नाही, खाली कुठेतरी आहे, आणि बाळ तिच्या मांडीवरून उतरायच्या बेतात आहे. माझी पत्नी बराच वेळ तिथे उभी होती. "सुटतंय ते तिच्या हातातून, आणि तिला कळलंय," एवढंच ती म्हणाली.

समोरच सेंट जॉनचं जुनं रुग्णालय. बाराव्या शतकापासून आजारी आणि वाटसरू यांची इथे सोय होत असे, आता संग्रहालय आहे. तिथे हान्स मेमलिंगने १४८९ मध्ये रंगवलेली संत उर्सुलाची लाकडी पेटी ठेवली आहे. आकार छोट्या चर्चसारखा. बाजूंवरच्या चित्रांत ऱ्हाईन नदीवरच्या नावा आणि धक्के आहेत. दोर कुठे बांधलाय, शीड कसं गुंडाळलंय, हे सगळं नखाएवढ्या जागेत इतकं नेमकं आहे, की चित्रकार रोज धक्क्यावर उभा राहत असला पाहिजे. हे चित्र ज्या रुग्णालयासाठी काढलं, तिथेच ते आजही आहे.

बेखाइनहोफ ही १२४५ च्या सुमाराची वसाहत. पांढरी घरं, मधे उंच झाडांचं अंगण. लग्न न केलेल्या किंवा विधवा बायका इथे एकत्र राहायच्या, प्रार्थना करायच्या आणि स्वतःच्या कमाईवर जगायच्या. त्या जोगिणी नव्हत्या. जन्मभराची शपथ नसे, वाटलं तर सोडून जाता येई. तेराव्या शतकात बायकांना अशी हक्काची जागा होती हे ऐकून पत्नी थबकली. आता तिथे बेनेडिक्टाइन पंथाच्या जोगिणी राहतात.

तिसऱ्या प्रहरी आम्ही लेसच्या केंद्रात गेलो. गाव गरीब होतं त्या काळात हजारो बायका-मुली लेस विणून, फार थोड्या पैशांत, घर चालवायच्या. पत्नीने शाळेत शिवण शिकवलं आहे, त्यामुळे ती पहिल्या खुर्चीवर बसली. समोर सत्तरीच्या पुढची एक बाई. मांडीपुढे कडक उशी, तिच्यावर नक्षीची भोकं पाडलेला पुठ्ठा, भोकांत टाचण्या. प्रत्येक धागा एका लाकडी फिरकीला गुंडाळलेला, आणि अशा तीस-चाळीस फिरक्या. हालचाली दोनच. धागा धाग्यावरून नेणं आणि पीळ देणं. फिरक्या एकमेकींवर आपटून लाकडी पावसासारखा आवाज येत होता. पाऊण तासात करंगळीच्या पेराएवढी लेस झाली. पत्नीने खुणेने विचारलं, तिने खुणेनेच चार फिरक्या तिच्या हातात दिल्या. भाषेचा एक शब्दही लागला नाही.

शहर आजही असं निगुतीने सांभाळलं जातं. जुन्या व्यापाऱ्यांनी गरीब म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या बुटक्या पांढऱ्या घरांच्या ओळी आहेत, त्यांचं नावच 'देवाची घरं'. त्यांत आजही वृद्ध माणसं राहतात. जुन्या शहरातल्या एका बिअर कारखान्याचे टँकर अरुंद गल्ल्यांतून जायचे. २०१६ मध्ये त्यांनी जमिनीखालून तीन किलोमीटरहून लांब नळ टाकून बिअर बाहेरच्या बाटलीबंद कारखान्यात पोचवली. आणि कालवे. एकेकाळी त्यांत गावाचं सांडपाणी जायचं, उन्हाळ्यात वास यायचा. सांडपाण्याची वेगळी सोय केली, पाणी सुधारलं, आणि २०१५ च्या कलाप्रदर्शनात तर जपानी वास्तुकारांनी कालव्यात पोहण्यासाठी तरंगता लाकडी मंच बांधला. मिनेवॉटरच्या टोकाला जुनं झडपेचं घर आहे. तिथून शहरातल्या पाण्याची पातळी राखली जायची. तिथे मी उगाच बराच वेळ रेंगाळलो. उघाडीवाल्याचं मन अशा ठिकाणी रमतं.

झ्विनच्या काठी

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हट्ट धरला. "ज्या खाडीने हे सगळं दिलं आणि नेलं, ती उरली असेल तेवढी मला बघायची आहे." आगगाडीने क्नोक्के, तिथून बसने झ्विन. आता ते पक्ष्यांचं राखीव क्षेत्र आहे, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवर. उंच खांबांवर पांढऱ्या करकोच्यांची घरटी आहेत. जमिनीवर आमच्या मोरसासारखी मांसल, खारट वनस्पती. एक पान तोडून चावलं. चव तीच.

तिथे कळलेली गोष्ट मी अजून मनातून काढू शकलेलो नाही. हा उरलासुरला तुकडाही गाळाने बुजत चालला होता. तेव्हा दोन्ही देशांनी मिळून जमिनीच्या बाजूला, मागे, नवा बांध घातला आणि जुना बांध मुद्दाम फोडला. २०१९ मध्ये सुमारे १२० हेक्टर जमीन समुद्राला परत दिली. एकोणिसाव्या शतकात समुद्राकडून घेतलेलं शेत. भरतीला पसरायला जागा मिळावी, ओहोटीला जोर यावा आणि खाडीचं तोंड उघडं राहावं म्हणून. नोकरीत मी असंख्य बांध बांधले, बांधून घेतले, फुटले म्हणून रडणाऱ्या शेतकऱ्यांना धीर दिला. विचार करून, मोजून, फोडलेला बांध मी पहिल्यांदाच पाहिला.

आपल्याकडे उद्या कुणी बांध फोडावेत असं मला म्हणायचं नाही. ज्या खाजणावर कुणाचं वर्षाचं भात आहे, त्याचा बांध राखलाच पाहिजे. पण नवा भराव, नवा रस्ता, नवी भिंत खाडीकाठी घालताना भरती किती जागा गमावतेय हे मोजायला हवं, आणि डोंगरावरची माती खाली येऊ नये म्हणून वर झाडं राखायला हवीत. ब्रुजच्या लोकांना ही मोजणी शिकायला आठशे वर्षं लागली. राजापूर, दाभोळ, जैतापूर इथल्या लोकांना तेवढा वेळ मिळणार नाही. हे बोलायला मला निवृत्त व्हावं लागलं याचं वाईट वाटतं. पण जे तरुण अभियंते आज त्या खुर्चीवर आहेत, त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

लाकडी पुलाच्या टोकाला जाऊन आम्ही उभे राहिलो. ओहोटी सुरू झाली होती. चिखलातल्या नागमोडी वाटांनी पाणी बाहेर निघालं होतं, आणि खालचा बारीक चिखल बरोबर नेत असल्याने ते तांबूस गढूळ दिसत होतं. मुलीने माझ्या खांद्याला हात लावला आणि पुलाच्या खांबाकडे बोट दाखवलं.

खाली काळपट ओलं लाकूड, वर कोरडं, पांढुरकं. मधे बोटभर रुंद, स्वच्छ रेघ.

"मिळाली का, बाबा?"

आम्ही तिघंही ती खाली सरकताना बघत राहिलो. बस सुटायला अजून चाळीस मिनिटं होती.